चार बोटांचा ढाळ

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज नावाचा एक तळ आहे. अस्वलांचा वावर इतका, की तंबू ठोकायला मनाई. पक्क्या भिंतींची गाडीच हवी. वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या मिळतात असा साऱ्या उद्यानातला हा एकमेव तळ. बाहेर अस्वलांचं रान आणि आत आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, कुणीतरी गरम पाण्याने निवांत अंघोळ करतंय! वीज तारेतून आली, पाणी नळीतून. मला खरं नवल वाटतं ते या पाण्याच्या परतीच्या वाटेचं.

कारण या वाटेवर सहसा पंप नसतोच. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात. एकीत संडासाचा मैला, दुसरीत बेसिन-मोरीचं पाणी. दोन्हींना आपापला व्हॉल्व्ह, पण बाहेर पडायचं तोंड बहुधा एकच, 3 इंची. तिथून जमिनीतल्या पाइपापर्यंत सगळी मदार गुरुत्वाकर्षणावर. प्लंबरांचा जुना हिशेब फुटाला पाव इंच ढाळ असा आहे. अंतर 12 फूट असेल तर 3 इंच, म्हणजे आडवी धरलेली चार बोटं. एवढ्याशा उतारावर दीडशे लिटरची टाकी रिकामी होते.

ढाळ असूनही मैल्याचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला तर घोटाळा होतो. पातळ तेवढं निघून जातं आणि घट्ट मागे राहून वाळतं, त्याचा ढीग होतो. म्हणून टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत तो बंदच ठेवायचा. यामागचं गणित 17व्या शतकात इटलीच्या टॉरिचेल्लीने मांडून ठेवलंय: भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. उंची चौपट, तर वेग दुप्पट. भरलेली टाकी एकदम सोडली की लोंढा घट्टालाही ओढून नेतो. मग दुसरी टाकी सोडायची. तिचं साबणाचं पाणी टाकीपासून जमिनीतल्या पाइपापर्यंतचा होज, म्हणजे लवचीक नळी, धुऊन काढतं. हा क्रम उलटा करणाऱ्याने नाकाशी वैर धरलंय असं समजावं.

आता होज. लांब घेतला की सोय झाली असं वाटतं, पण जास्तीचा होज सापासारखा वळतो, मध्ये झोळ पडतो आणि झोळात पाणी साचतं. एकमेकांना जोडता येणारे दोन आखूड तुकडे त्यापेक्षा बरे. होजला आतून तारेची वेटोळी असतात. पुरता ताणला की आतल्या वळ्या कमी होतात. जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 15च्या आसपासचा स्वस्त होज उन्हाने आणि घासण्याने लवकर भोकं पाडून घेतो, 23चा टिकतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

गाडीकडचं टोक सोपं: खुंट्या खाचेत बसवून पिळायचं. जमिनीकडचं मात्र तळागणिक वेगळं. कुठे 3 इंची, कुठे 4, कुठे आटे आहेत, कुठे नाहीत. म्हणून पायऱ्यापायऱ्यांचे आटे असलेला एल्बो घ्यायचा, आणि तो पारदर्शक. पाणी स्वच्छ दिसू लागलं की काम झालं, हे डोळ्यांनी कळतं. व्हॉल्व्ह अंदाजाने बंद करावा लागत नाही. होजखाली घडीचा आधार ठेवतात. त्याची उंची गाडीकडून पुढे कमी कमी होत जाते, त्यामुळे ढाळ आपोआप मिळतो.

आणि तळाचं तोंडच गाडीहून उंचावर असेल तर? मग ढाळ नाहीच. तिथे मात्र मैला दळून पातळ करणारा विजेचा पंप लावतात. दळल्यावर तोच माल बागेला पाणी घालायच्या नळीएवढ्या बारीक होजमधून चढावर जातो.