सातबाऱ्यावरील ‘अपाक’ आणि आईचे अधिकार

शेतकरी आत्महत्या आणि ऊसतोडीचे स्थलांतर यांमुळे बीड जिल्ह्याचे नाव वारंवार चर्चेत येते. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर सातबारा उताऱ्यावर मुलांच्या नावापुढे ‘अपाक आई’ अशी त्रोटक नोंद होते. ‘अज्ञान पालनकर्ता’चा हा महसुली संक्षेप. अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, तर १८ वर्षे पूर्ण न झालेला.

हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृताची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई हे प्रथम वर्गातील वारस. मुलांच्या हिश्श्यापुढे विधवेचे नाव लागते ते पालक म्हणून. मालक मूलच असते. हे पालकत्व मिळविण्यासाठी तिला न्यायालयात जावे लागत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पिता आणि त्याच्या पश्चात माता हे नैसर्गिक पालक होत. ‘पश्चात’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, पिता मुलाबाबत उदासीन किंवा असमर्थ असला तरीही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये लावला. काका किंवा आजोबांना मात्र हा दर्जा आपोआप मिळत नाही. आईवडील तोडणीला गेल्यावर महिनोन्‌महिने नातवंडे सांभाळणाऱ्या आजोबांनाही त्यांच्या नावची जमीन विकता येत नाही.

खरी गुंतागुंत विक्रीच्या वेळी होते. सावकाराचे देणे, मुलीचे लग्न अशा निकडीपायी आई खरेदीखतावर स्वतःसाठी आणि मुलांची पालक म्हणूनही सही करते. तिचा हिस्सा विकण्यास ती मुखत्यार आहे, मुलांचा नाही. कलम ८ नुसार अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकणे, गहाण अथवा बक्षीस देणे आणि पाच वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे यांसाठी जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. वर्षाच्या बटईला ती लागत नाही. गरज किंवा मुलाचे उघड हित दाखविल्याखेरीज न्यायालय परवानगी देत नाही. कर्जाने गांजलेल्या बाईला हा फेरा जाचक वाटतो यात नवल नाही. पण मुलांच्या जमिनीला दुसरे कुंपणही नाही.

एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीतील हिश्श्याला कलम ८ लागू नाही. तेथे कायदेशीर गरजेसाठी कर्त्याला विक्री करता येते. त्यामुळे जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मुस्लिम विधवेची स्थिती अधिक अवघड आहे. व्यक्तिगत कायद्यानुसार ती मुलांच्या मालमत्तेची पालक नसल्याने तिला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नेमणूक मिळवावी लागते.

परवानगीविना झालेली विक्री आपोआप रद्द होत नाही, पण मूल ती नाकारू शकते. त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. ऑक्टोबर २०२५ मधील निकालानुसार दरवेळी दावाच लावावा लागतो असेही नाही. मुदतीत तीच जमीन स्वतः दुसऱ्याला विकणे, अशा स्पष्ट कृतीनेही व्यवहार नाकारता येतो. दस्त नोंदणीकृत आहे, एवढ्यावर खरेदीदाराने निर्धास्त राहू नये.

अठरावे वर्ष पूर्ण झाल्यावर ‘अपाक’ शेरा आपोआप जात नाही. वयाच्या पुराव्यासह तलाठ्याकडे किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीवर अर्ज करून तो कमी करून घ्यावा लागतो.