करण : स्थिती की गती?

साताऱ्याच्या नटराज मंदिरासाठी नाट्यशास्त्रातील १०८ करणांच्या मूर्तींचे आराखडे नर्तकी व संशोधक डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी तयार केले. या कामाची महाराष्ट्रातील रसिकांनी घ्यावी तेवढी दखल घेतलेली दिसत नाही. ती घ्यावयास हवी होती. कारण त्या आराखड्यांमागे एक वाद आहे, आणि तो केवळ नर्तकांपुरता नाही.

भरताने नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणे सांगितली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभी, त्यांपैकी ८१ कोरली गेली. उरलेल्या शिळा कोऱ्याच राहिल्या. चिदंबरमच्या गोपुरांवर पुढे ती सर्वच्या सर्व आली आणि काही ठिकाणी मूर्तींलगत भरताचे श्लोकही कोरले गेले. ही शिल्पे पाहून करण म्हणजे एक ठरीव अंगस्थिती, असा समज रूढ झाला. पद्माबाईंनी तो नाकारला. त्यांचे म्हणणे असे की, करणात उभे राहण्याची ढब, हातांची हालचाल आणि ‘चारी’ या तिन्ही गोष्टी एकत्र येतात; आणि चारी ही तर पायांची गतीच होय. तेव्हा करणाला आरंभ आहे, शेवट आहे. शिल्पकाराने मधला एखादा क्षण तेवढा पकडला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी हा घोटाळा चटकन ओळखील. वर्षअखेरचा ताळेबंद पाहून वर्षभराचा सारा व्यवहार कळला, असे मानण्यासारखाच तो आहे.

चित्रकलेतही हा प्रश्न उभा राहिलेला आहे. फ्रेंच चित्रकार जेरिको याने १८२१ मध्ये रंगविलेल्या शर्यतीच्या घोड्यांचे चारही पाय पुढे-मागे ताणलेले, अधांतरी आहेत. १८७८ मध्ये मायब्रिजच्या छायाचित्रांनी दाखवून दिले की, घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. जेरिको चुकला, असे म्हणून विषय संपविता आला असता. पण शिल्पकार रोदँ याने चित्रकाराचीच बाजू घेतली. गतीचे लागोपाठचे क्षण एका देहात एकवटणे हे कलावंताचे काम. खोटा ठरतो तो काळ गोठविणारा कॅमेरा, असे त्याचे मत. त्याचा स्वतःचा संत जॉन दोन्ही पावले जमिनीवर पुरती टेकवून उभा आहे, आणि तरीही तो चालताना दिसतो! चिदंबरमच्या अनाम कारागिरांनी हेच केले नसेल कशावरून?

मैदानावर मात्र हा घोटाळा अंगाशी येतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरीने आडव्या दांडीकडे पाठ करून २.२४ मीटर उंच उडी मारली व सुवर्णपदक जिंकले. छायाचित्रात दांडीवरची पाठीची कमान दिसते. तिच्या आधीची वक्राकार धाव दिसत नाही. वळणावर शरीर आत झुकते, आणि उड्डाणाच्या क्षणी त्या झुकावातूनच गिरकी निर्माण होते. शिवाय खाली जाड गादी असते. केवळ चित्र पाहून वाळूच्या हौदात तशी उडी मारू पाहणाऱ्या शाळकरी मुलाची मान मोडायची.

पद्माबाईंच्या मांडणीतही एक अडचण उरते. कारागिराने आरंभीचा क्षण पकडला की अखेरचा, हे दगड सांगत नाही, आणि श्लोक तर अतिशय त्रोटक आहेत. मधली जागा नर्तकाला आपल्या अभ्यासाने व देहाने भरावी लागते. दोन नर्तक ती दोन प्रकारे भरतील. अशा पुनर्रचनेला प्राचीन नृत्य जसेच्या तसे सापडले असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही मूर्तीसारखे निश्चल उभे राहण्यापेक्षा हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. नृत्याच्या परीक्षांत करणांची नावे घोकून घेतली जातात आणि एकेक ‘पोझ’ तपासून गुण दिले जातात. एका स्थितीतून दुसरीत विद्यार्थिनी कशी गेली, तिचा तोल कोणत्या पायावरून कोणत्या पायावर आला, यासाठी गुणपत्रिकेत रकाना नसतो.