महाराष्ट्राची साठ वर्षे आणि अनुशेषाचे गणित

१ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्यास १ मे २०२० रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. साथीच्या दिवसांमुळे हीरकमहोत्सवाचे समारंभ त्या वेळी होऊ शकले नाहीत. नेमक्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल २०२० रोजी, विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तीन विकास मंडळांची मुदत संपली. राहून गेलेल्या समारंभांपेक्षा ही दुसरी घटना अधिक महत्त्वाची होय. कारण ज्या वचनाच्या आधारावर हे राज्य उभे राहिले, त्या वचनाशी तिचा थेट संबंध आहे.

राज्याच्या वर्धापनदिनी प्रगतीचा जो आढावा घेतला जातो, तो बहुधा एकूण आकड्यांचा असतो. स्थापनेच्या वेळी २६ जिल्हे होते, ते आज ३६ आहेत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. कोयनेची वीज आली. रोजगार हमीचा कायदा झाला. यांतील एकही गोष्ट खोटी नाही. परंतु एकूण बेरीज आणि तिची वाटणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत दुसरा प्रश्न राज्याच्या जन्माआधीपासूनचा आहे.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात या प्रश्नाचे उत्तर देण्याचा पहिला प्रयत्न दिसतो. विकासाचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, नोकऱ्या व शिक्षणातील प्रवेश यांतही हेच प्रमाण पाळावे, विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरवावे, असे त्यात ठरले होते. राज्य पुनर्रचना आयोगाने मात्र स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती मान्य न होता १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण झाले, आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये प्रादेशिक विकास मंडळांची तरतूद आली. निधीची न्याय्य वाटणी ही त्यायोगे राज्यपालांची विशेष जबाबदारी होऊ शकत होती. होऊ शकत होती एवढेच. कारण प्रत्यक्षात मंडळे स्थापन होण्यास आणखी अडतीस वर्षे लागली.

मधल्या काळात तक्रारी पुष्कळ झाल्या, पण तक्रारीस माप नव्हते. ते माप १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने पुरविले. तिच्या १९८४ च्या अहवालानंतर ‘अनुशेष’ हा शब्द शासकीय दप्तरातून निघून थेट लोकांच्या तोंडी बसला.

अनुशेष काढण्याची रीत दिसते तितकी सरळ नाही. समान लोकसंख्येचे तीन जिल्हे घ्यावेत. पहिल्यात लाख वस्तीमागे ६० किलोमीटर रस्ते, दुसऱ्यात १००, तिसऱ्यात १४०, असे मानल्यास सरासरी १०० येते. पहिला जिल्हा सरासरीच्या ४० किलोमीटर मागे आहे. हा त्याचा अनुशेष. ४० किलोमीटर रस्त्यांस येणारा खर्च म्हणजे त्याचे पैशातील रूप. आता पहिला व तिसरा जिल्हा एकाच विभागात असतील, तर विभाग हे एकक धरताच अनुशेष नाहीसा होतो, कारण एकाची उणीव दुसऱ्याच्या आधिक्याने भरून निघते. समितीने ही वजावट नाकारली व जिल्हा हेच एकक धरले. शेजारच्या जिल्ह्यातील रस्त्याने आपल्या गावचा चिखल सुकत नाही, हे त्यामागील साधे तत्त्व.

या रीतीने रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, ग्रामीण विद्युतीकरण इत्यादी नऊ क्षेत्रांचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे साडेतेवीस टक्के, आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता. या शेवटच्या आकड्याचा उल्लेख भाषणांतून क्वचितच होतो. तथाकथित पुढारलेल्या विभागातही मागासलेले जिल्हे होते, आणि त्यांची उणीव मराठवाड्याच्या एकूण उणिवेपेक्षाही मोठी होती.

पुढे मंडळे स्थापन झाल्यावर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीची स्थिती मोजली. एकूण आकडा आता १४,००६.७७ कोटींवर गेला होता. त्यापैकी विदर्भाचे ६,६२४.०२ कोटी, मराठवाड्याचे ४,००४.५५ कोटी व उर्वरित महाराष्ट्राचे ३,३७८.२० कोटी. पहिल्या दोन विभागांचे वाटे वाढले, तिसऱ्याचा पुष्कळ घटला.

एवढ्या वर्षांत काही खर्चच झाला नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. आकडा फुगण्यास महागाई हे एक कारण आहे. दुसरे कारण मापातच दडलेले आहे. वरील उदाहरणात पहिला जिल्हा दहा वर्षांत ६० वरून १०० वर आला, परंतु दुसरा १३० व तिसरा १६० वर गेला, तर नवी सरासरी १३० होते. पहिल्या जिल्ह्यास सर्वांहून अधिक रस्ते मिळाले, जुना अनुशेष पूर्ण भरला, आणि तरीही तो ३० किलोमीटर मागेच राहिला. अनुशेष हे चालत्या गाडीमागे धावणाऱ्याचे अंतर आहे. विशिष्ट तारखेचा अनुशेष गोठवून तेवढी रक्कम खर्ची पडली की तो संपला असे मानणे हिशेबनिसास सोयीचे असते. कालव्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा उपयोग नाही. अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या चार जिल्ह्यांत हा भेद ठळकपणे दिसला. निधीच्या तरतुदी झाल्या, परंतु भूसंपादन, वनजमिनींची परवानगी व अपुरी धरणे यांमुळे सिंचनाचा भौतिक अनुशेष कायम राहिला.

डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये या विचारास वेगळे वळण दिले. केवळ मागील उणीव मोजत न बसता संतुलित विकासाकडे पाहावे, पाण्याच्या प्रश्नास अग्रक्रम द्यावा आणि तालुका हे एकक मानावे, असा तिच्या प्रतिपादनाचा रोख होता. तालुक्याचा आग्रह हा एका अर्थी दांडेकरांच्याच तत्त्वाचा पुढचा टप्पा होय. कारण जिल्ह्याची सरासरीही आतील विषमता तितक्याच सहजपणे झाकते. डोंगराळ व आदिवासी तालुक्यांबाबत ही गोष्ट विशेषेकरून खरी आहे.

मंडळांच्या कामाविषयी मतभेद आहेत व ते निराधार नाहीत. खर्चाचे अधिकार मंडळांकडे नव्हते. पाहणी करावी, अहवाल द्यावा, शिफारस करावी, इतकेच त्यांचे काम होते. राज्यपालांचे निर्देश निधीवाटपास लागू होऊ लागले ते २००१ पासून, म्हणजे स्थापनेनंतर सात वर्षांनी. असे असले तरी प्रत्येक वर्षी कोणत्या विभागास काय मिळाले याची नोंद विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन त्या व्यवस्थेत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्रचनेची विनंती केंद्राकडे करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यांची मुदत संपून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि त्या काळाच्या नोंदीचे पान मंडळांच्या दप्तरात कोरे राहिले होते.