निजामाच्या मुलखातला बर्कले

ज्या गावचा खंडोबादेखील वर्षाचे काही महिने नळदुर्गास आणि उरलेले आपल्या गावी काढतो, निजामी अमलातल्या त्या अणदूरच्या विद्यार्थ्यालाही उच्च विद्येसाठी दोन मुक्कामांपैकी एक निवडणे भाग असे. पश्चिमेस सोलापूर गाठले की इंग्रजी अंमल आणि पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज, जिथे आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर इंग्रजीतून पचवले; पूर्वेस निजामाचे हैदराबाद. पहिल्या वाटेवर आपल्याकडे उदंड लिहिले गेले आहे. मला अनेक वर्षे कुतूहल आहे ते दुसरीचे.

दरबारी अधिकारी अकबर हैदरींच्या निवेदनावरून निजाम मीर उस्मान अली खानांनी 1917 मध्ये फर्मान काढले, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि 1919 मध्ये वर्ग भरू लागले. इंग्रजी हा विषय सक्तीचा, परंतु तर्कशास्त्रापासून वैद्यकापर्यंत सारे शिक्षण उर्दूतून; त्यासाठी ‘दारुत्तर्जुमा’ हे भाषांतराचे खातेच निर्माण केले गेले.

या खात्यात आरंभी लखनौकडून आलेले अब्दुल माजिद दर्याबादी हे तर्कशास्त्राचे काम पाहणारे तरुण गृहस्थ त्या काळी चक्क संशयवादी होते. त्यांच्या लेखनावरून शहरात गिल्ला झाला आणि वर्षभरातच त्यांनी हैदराबाद सोडले. पुढे हेच गृहस्थ श्रद्धेकडे वळून कुराणाचे भाष्यकार झाले, ही गोष्ट कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते. तत्त्वज्ञ बर्कलेचे 1713 चे संवाद त्यांनीच उर्दूत आणले. आणि ‘असणे म्हणजे जाणवणे’ हा सिद्धान्त मांडणारा त्याचा 1710 चा मूळ ग्रंथ लखनौच्या नदवा या मदरशात शिकलेल्या अब्दुल बारी नदवींनी. नदवी पुढे उस्मानियात तत्त्वज्ञान शिकवीत. नास्तिकांचे तोंड बंद करावे म्हणून, पुढे बिशप झालेल्या एका आयरिश धर्मोपदेशकाने लिहिलेल्या विचारांना एका संशयवाद्याने आणि एका मौलवीने दख्खनच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवावे, यापरता मौजेचा योग आमच्या पुण्याच्या कॉलेजांत मला तरी आढळला नाही. नदवींच्याच विभागातले खलिफा अब्दुल हकीम रूमीवर प्रबंध लिहून हायडेलबर्गची डॉक्टरी घेऊन आले. हे अध्यापक सामान्य नव्हते.

परंतु देशी भाषेतून ज्ञान द्यावे हे तत्त्व जितके रास्त, तितकाच त्याचा अंमल एकांगी होता. संस्थानात उर्दू मातृभाषा असणारे सुमारे दशमांश, मराठी बोलणारे सुमारे चतुर्थांश आणि तेलुगू बोलणारे त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला बर्कले वाचण्यापूर्वी इंग्रजीऐवजी दुसरी परकी भाषा आत्मसात करावी लागे, आणि या अन्यायाला देशी भाषेचा गौरव हे नाव मिळे. अणदूरच्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिकवू लागले, ते उगाच नव्हे. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

1948 मध्ये निजामाची सत्ता संपल्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि 1958 मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. मराठी विद्यार्थ्याची अडचण दूर झाली; पण कष्टाने उभा केलेला तो उर्दू ग्रंथसंग्रहही अडगळीत गेला, आणि हे नुकसान आपण मोजलेलेच नाही. अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर या टापूतल्या ज्यांच्या माळ्यावर आजोबांची उर्दू क्रमिक पुस्तके अजून असतील, त्यांनी लिपी वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्यावीत.