घरचे विष आणि दारचा कुत्रा

देवळाली प्रवरेसारख्या गावात घर आणि शेत यांच्यामध्ये भिंत अशी नसतेच. पाटाच्या पाण्यावर वाढलेला हा ऊस-कांद्याचा मुलूख. ओसरीत खताचे पोते, कोनाड्यात फवारणीच्या औषधाची बाटली, माळ्यावर उंदराचे औषध, आणि उंबऱ्याशी अंग टाकून पडलेला मोत्या. मांजर तर चुलीपासून वैरणीच्या गंजीपर्यंत कुठेही हिंडते. म्हणून शहरी पुस्तकांतली विषांची यादी आपल्याला तितकीशी उपयोगी पडत नाही. चॉकलेट कुत्र्याला बाधते हे खरेच; पण मोत्याच्या वाट्याला चॉकलेट येते तरी कितीदा?

त्याच्या वाट्याला येतो उंदरासाठी ठेवलेला पिठाचा गोळा. आता उंदराचे औषध म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. एक असते काळपट भुकटी, झिंक फॉस्फाइडची. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो आणि काही तासांतच जनावर ओकू लागते, धापा टाकते, तडफडते. या विषाला उतारा नाही; डॉक्टर पोट साफ करतात आणि हृदय-श्वास सांभाळतात, एवढेच. तशा जनावराच्या ओकारीतूनही तो वायू बाहेर पडतो. तेव्हा दारे-खिडक्या उघडाव्यात आणि ओकारीवर वाकून पाहू नये.

दुसरे असते ब्रोमॅडिओलोनची रंगीत वडी. हिची तऱ्हा अगदी उलटी. वडी खाल्लेला कुत्रा त्या दिवशी शेपूट हलवतो, दुसऱ्या दिवशी भाकरी खातो, आणि घरची माणसे म्हणतात, “काही झालं नाही हो, पचलं त्याला!” पण आत रक्त गोठण्याची क्रिया बंद पडत चाललेली असते. तीन-चार दिवसांनी तो मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाऊ लागते. गंमत अशी, की यावर खात्रीचा उतारा आहे. तो म्हणजे के-१ जीवनसत्त्व. मात्र ते काही आठवडे द्यावे लागते. म्हणजे पहिल्या विषात घाई हवी, आणि दुसऱ्यात कुत्रा धडधाकट दिसत असतानाच दवाखाना गाठायला हवा. पण कोणते विष हे सांगायचे कसे? वेष्टण तर आपण केव्हाच चुलीत घातलेले असते!

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. विष घरात असणे शेतकऱ्याला टळत नाही. ते निनावी होऊन घरात राहते, हे मात्र टाळता येते. क्लोरपायरीफॉस वाळवीसाठी आणले, अर्धे उरले, ओतले पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. झाले! उद्या ती कलंडली, मांजराने पाय चाटले, तोंडातून लाळ गळू लागली, अंगाला कापरे भरले, तर डॉक्टरांना सांगणार काय? या जातीच्या विषावर ॲट्रोपीन वेळेवर मिळाले तर जनावर वाचू शकते. पण जात तर कळली पाहिजे ना?

विष आणि अन्न शेजारी ठेवल्याने काय होते, ते या देशाने १९५८ साली पाहिले आहे. पॅराथिऑन हे कीटकनाशक जहाजात गव्हाच्या पिठाजवळ ठेवले गेले, पिठात मुरले, आणि केरळ व मद्रास राज्यांत शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला, १९७१ चे नियम आले, आणि डब्यावर रंगीत खूण सक्तीची झाली. तांबडा रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही ध्यानात असू द्या. डब्यासोबतच्या पत्रकात विषबाधेची लक्षणे आणि उतारा छापलेला असतो. तो कागद डब्यालाच बांधून ठेवावा आणि डबा कुलपात.

काही विषे तर आपण मायेनेच देतो. मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली जाते. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. गोठ्यातले गोचिडाचे औषध तसेच कुत्र्याच्या अंगावर ओतणारे आहेत, आणि कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनचे थेंब मांजराला लावणारेही. मांजराला ते फार वाईट बाधते. आमच्या भागात उरलेली कांद्याची भाजी भाकरीत कुस्करून कुत्र्यापुढे ठेवायची रीत आहे. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, तो कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. एका घासाने काही होत नाही, पण रोजचे नको. आणि कुंड्यांना एरंडीची पेंड घालत असाल तर ती मातीत खोल पुरा; कुत्रे तिच्या वासाने उकरतात आणि तिच्यात रायसिन हे विष राहिलेले असू शकते.

विषबाधा झाली की शेजारीपाजारी जमतात आणि दूध पाजा, तूप पाजा, मिठाचे पाणी पाजा असा सल्ला सुरू होतो. यातले काहीही उतारा नाही. स्निग्ध पदार्थाने काही विषे उलट लवकर अंगात भिनतात, आणि मीठ फार झाले तर तेच दुसरे विष. रॉकेल किंवा संडास धुण्याचे ॲसिड पोटात गेले असेल तर ओकारी काढणे धोक्याचे, कारण ते येताना पुन्हा जाळत येते किंवा फुप्फुसात उतरते. शुद्ध हरपलेल्या जनावराच्या तोंडात पाणीही घालू नये. अंगावर सांडले असेल तर हातमोजे घालून साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे, चाटू देऊ नये.

मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. काय खाल्ले, अंदाजे किती, किती वाजता, आणि जनावराचे वजन काय, ही चार उत्तरे तयार ठेवावीत. ओकारीचा नमुना झाकणाच्या बाटलीत घ्यावा. आणि निघताना तो डबा, पुडके, फाटका कागद, जे काही हाती लागेल ते सोबत न्यावे.