शेंड्याची वाढ आणि सालीखालची वाढ

आंब्याच्या कोवळ्या झाडाला छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा, 50 वर्षांनी ते झाड घराच्या कौलांवर गेल्यानंतर, कोठे सापडेल असे विचारले, तर चांगली शिकलीसवरलेली माणसेही तो झाडाबरोबर वर गेला असेल असे सांगतात. वस्तुतः तो छातीच्याच उंचीवर असतो, मात्र बहुधा लाकडात पुरता बुडालेला. वनखाते झाडाचा घेर दर खेपेस जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजते आणि खुणेचा रंगीत पट्टा तेथेच ओढून ठेवते, तेही याच भरवशावर.

बालकाचे शरीर सर्वांगाने वाढते. वनस्पतीने मात्र उंचीचा सारा कारभार खोडाच्या व मुळाच्या अग्राशी असलेल्या विभाजी ऊतीकडे सोपवला आहे. तेथील पेशी विभागत राहतात, त्यांच्या मागोमाग राहिलेल्या नव्या पेशी पाणी शोषून लांबतात, आणि तेवढ्याच टापूत वाढ संपते. जुलियस साक्स या जर्मन शास्त्रज्ञाने 19व्या शतकात कोवळ्या मुळावर सारख्या अंतराने शाईच्या रेघा ओढून ही हद्द दाखवून दिली : टोकाजवळच्या रेघा परस्परांपासून दूर सरकल्या, वरच्या होत्या तेथेच राहिल्या.

जाडीचे खाते निराळे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ऊतककर नावाचा अत्यंत पातळ पेशीस्तर असतो. तो आतल्या अंगाला काष्ठ व बाहेरच्या अंगाला अन्नरस वाहणारी ऊती निर्माण करतो, आणि आतली भर कितीतरी अधिक असल्याने स्वतःच दरसाल बाहेर ढकलला जातो. खिळा गिळला जातो तो या भरीमुळे. सागाचा ओंडका आडवा कापला, तर नव्या पालवीच्या हंगामात घडलेल्या मोठ्या नलिकांची छिद्रे नुसत्या डोळ्यांना ओळीने दिसतात, पुढे ती बारीक होत जातात, आणि पानगळीपाशी काम तहकूब झाल्याची सीमा उमटते. या वलयांच्या आधारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी गतकाळच्या पर्जन्यमानाचा माग काढला आहे. ज्या गाभ्याच्या पक्क्या लाकडासाठी गिऱ्हाईक जादा पैसे मोजते, ते तर झाड उभे असतानाच मृत झालेले असते!

माडाला हा ऊतककरच नाही. म्हणून रोपटे असता तो काही वर्षे उंचीच्या फंदात न पडता बुंधाच रुंद करीत बसतो, आणि एकदा वर निघालेले खोड जवळजवळ त्याच जाडीचे राहते. पाडेल्याने चढण्यासाठी घातलेल्या खाचा कधीही भरून येत नाहीत. शेंडाही एकच. गेंड्या भुंगा न उलगडलेल्या कोवळ्या पानांतून शिरून वाढीच्या कोंबापर्यंत पोहोचला, की आंब्यासारखी बगलेतून फांदी फोडून वारसा चालवण्याची सवलत माडाला नसते. त्यामुळे जाणता बागाईतदार शेंड्यात भोक दिसताच तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढण्याची तजवीज करतो. कोंब पोखरला गेल्यावर मात्र कोणताही उपाय चालत नाही.