बांध किती उंच बांधावा?

समुद्र अडवणारा बांध किती उंच असावा, हा प्रश्न अभियंत्यांइतकाच अर्थशास्त्रज्ञांचाही आहे. उंचीबरोबर खर्च वाढत जातो, पण पुराचा धोका कधीच शून्यावर येत नाही. मग थांबायचे कुठे?

नेदरलँड्सला हा हिशेब मोठी किंमत मोजल्यावर करावा लागला. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या वादळाने देशाच्या नैऋत्य भागातले बांध फोडले. १,८३६ माणसे दगावली. फेब्रुवारीतच सरकारने डेल्टा आयोग नेमला. आयोगासाठी गणितज्ञ डेव्हिड व्हॅन डँट्झिग यांनी केलेली मांडणी १९५६ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात एका बाजूला बांध वाढवण्याचा खर्च आहे आणि दुसऱ्या बाजूला अपेक्षित नुकसान, म्हणजे पुराची शक्यता गुणिले बुडणाऱ्या मालमत्तेची किंमत. हे नुकसान पुढच्या सर्व वर्षांचे असल्याने व्याजदर धरून त्याचे आजचे मूल्य काढायचे. पाण्याची पातळी जितकी उंच धरावी, तितकी पाणी तिथवर चढण्याची शक्यता झपाट्याने घटते. त्यामुळे सुरुवातीची उंची फार मोलाची ठरते आणि पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरचा लाभ कमी होत जातो. शेवटच्या सेंटीमीटरचा खर्च आणि त्याने टळणारे नुकसान जिथे सारखे होते, तिथे थांबावे.

मध्य हॉलंडसाठी आयोगाने ठरवलेली पातळी अशी की, एखाद्या वर्षी ती ओलांडली जाण्याची शक्यता दहा हजारांत एक असावी. याचा अर्थ दहा हजार वर्षे निर्धास्त असा मुळीच नाही. शंभर वर्षांच्या काळात ही शक्यता जवळजवळ एक टक्का होते, आणि लाखो लोकवस्तीच्या प्रदेशासाठी ती क्षुल्लक नव्हे.

या गणिताची कमकुवत बाजू नोंदींची आहे. भरतीच्या पातळीच्या नोंदी काही दशकांच्याच होत्या. त्यांवरून हजारो वर्षांचा अंदाज बांधावा लागला. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच मोजता येणारी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता यांत फरक केला होता. दुर्मीळ वादळे या दोहोंच्या सीमेवर येतात. त्यामुळे असे आकडे निर्णयाला आधार देतात, पण निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो.

दुसरी अडचण न्यायाची आहे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो आणि रॉबर्ट लिंड यांनी १९७० मध्ये दाखवले की, सार्वजनिक प्रकल्पाची जोखीम असंख्य करदात्यांत वाटली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला नगण्य भाग येतो. म्हणून सरकारने सरासरी लाभ पाहिला तरी चालते. पुराचे नुकसान मात्र असे वाटले जात नाही. ते बांधालगतच्या गावांवरच कोसळते. निव्वळ सरासरीने चालले, तर पैसा दाट वस्तीच्या, श्रीमंत भागाकडे जातो आणि विरळ वस्तीचे शेतकरी उघडे पडतात. हा आक्षेप मोलाचा आहे, आणि डच धोरणाने तो मानला. २०१७ पासून लागू झालेल्या निकषांनुसार मुख्य बांधांमागे राहणाऱ्या प्रत्येकाचा पुरात मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकपेक्षा जास्त असता कामा नये. हे किमान संरक्षण सर्वांना सारखे. जिथे मोठी जीवितहानी किंवा आर्थिक हानी संभवते, तिथे त्याहून कडक निकष लावले जातात.